आम्लतेची परीक्षा : रंग काय सांगतो आणि काय सांगत नाही



हळदीचा डाग पडलेल्या पांढऱ्या कपड्याला साबण लावला की डाग तत्काळ तांबडा होतो आणि कपडा भरपूर पाण्यात खळबळला की तो पुन्हा पिवळा दिसू लागतो. महाराष्ट्रातील प्रत्येक घरात हा प्रकार घडतो. परंतु एक रासायनिक परीक्षा म्हणून त्याकडे क्वचितच पाहिले जाते. हळदीतील कर्क्युमिन हे द्रव्य अल्कधर्मी पदार्थाच्या संपर्कात आले की पिवळा रंग टाकून तांबडा रंग धारण करते. हळदीपासून कुंकू तयार करण्याची जुनी रीत याच गुणधर्मावर आधारलेली आहे. साबण अल्कधर्मी आहे याची साक्ष तो तांबडा डाग देतो.

याच हळदीच्या डागावर लिंबू पिळले, तर मात्र काहीच घडत नाही. डाग पिवळा होता, तो पिवळाच राहतो. साधे पाणी टाकले तरी पिवळा आणि लिंबाचा रस टाकला तरी पिवळा. म्हणजे पाणी आणि लिंबाचा रस यांतील भेद हळदीला कळत नाही. येथे हळद खोटे बोलत नाही. तिला विचारलेला प्रश्नच तिच्या आवाक्याबाहेरचा असतो. "हा पदार्थ अल्कधर्मी आहे काय?" एवढ्या एकाच प्रश्नाचे उत्तर ती देऊ शकते. "हा पदार्थ आम्लधर्मी आहे काय?" असे विचारावयाचे असेल, तर दुसरा साक्षीदार शोधावा लागतो.

आम्लतेच्या परीक्षेचे सारे मर्म या साध्या उदाहरणात सामावलेले आहे. रंग बदलला म्हणजे सर्व काही कळले असे नव्हे आणि रंग बदलला नाही म्हणजे काहीच नाही असेही नव्हे. प्रत्येक परीक्षा एका ठरावीक प्रश्नाचे उत्तर देते. तो प्रश्न कोणता, हे ज्याला उमगले त्याला घरातील दूध, नळाचे पाणी आणि वस्तीजवळून वाहणारा नाला यांच्याविषयी बरेच काही स्वतः पडताळून पाहता येते. ज्याला ते उमगले नाही, त्याची रंगाच्या जोरावर फसवणूकही होऊ शकते.

सामू म्हणजे काय?

फुलांच्या रसाचा रंग आम्लामुळे व अल्कलीमुळे बदलतो, याचे पद्धतशीर वर्णन रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने १६६४ मध्ये रंगांविषयीच्या आपल्या ग्रंथात केले. व्हायोलेट फुलांचा निळा पाक आम्लाने तांबडा व अल्कलीने हिरवा होतो, असे त्याने नोंदविले. शाळांमधून आजही वापरला जाणारा लिटमस कागद दगडफुलाच्या वर्गातील वनस्पतींपासून मिळणाऱ्या रंगाचा असतो. आम्लात तो तांबडा होतो आणि अल्कलीत निळा.

तथापि, आम्ल आहे की अल्कली एवढे कळून भागत नाही. आम्लता किती तीव्र आहे हेही कळावे लागते. त्यासाठी कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील सोरेनसेन या रसायनशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये एक मोजपट्टी सुचविली. तिला पीएच म्हणतात. मराठी पाठ्यपुस्तकांतून व शेतकी लिखाणातून तिच्यासाठी 'सामू' हा शब्द रूढ झाला आहे. शुद्ध पाण्याचा सामू ७ मानतात. त्याखाली आम्लता आणि त्यावर अल्कता वाढत जाते. लिंबाच्या रसाचा सामू सुमारे २ ते २.५, दह्याचा ४ ते ४.५, ताज्या दुधाचा ६.६ ते ६.८, खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा ८ च्या किंचित वर आणि चुन्याच्या निवळीचा १२ च्या पुढे असतो.

या मोजपट्टीवरील एक पायरी दहापटीची आहे, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर आवर्जून ठसविली पाहिजे. सामू ६ चे द्रावण सामू ७ च्या द्रावणापेक्षा दहापट आम्लधर्मी असते आणि सामू ५ चे शंभरपट. आकडे जवळजवळचे दिसले, तरी त्यांतील अंतर लहान नसते.

स्वयंपाकघरातील दर्शक

जे द्रव्य रंग बदलून आम्लता किंवा अल्कता दाखविते, त्यास दर्शक म्हणतात. उपनगरांतील ज्या शाळांना स्वतंत्र प्रयोगशाळा नाही, त्यांनाही दर्शक सहज तयार करता येतात. जास्वंदीच्या पाच-सहा तांबड्या फुलांच्या पाकळ्या कपभर गरम पाण्यात भिजत ठेवाव्यात आणि पाणी गाळून घ्यावे. हे पाणी आम्लात गडद गुलाबी व अल्कलीत हिरवट होते. गोकर्णाच्या निळ्या फुलांचे पाणी लिंबाच्या रसाने जांभळे-गुलाबी होते. टीपकागदाच्या पट्ट्या अशा पाण्यात बुडवून सावलीत वाळविल्यास घरगुती दर्शककागद तयार होतो. हळदीचे पाणीही अशाच रीतीने कागदावर उतरविता येते.

या सर्वांत जांभळा कोबी विशेष उपयोगी आहे. त्याची पाने चिरून दहा-पंधरा मिनिटे पाण्यात उकळावीत. गाळून घेतलेले जांभळे पाणी तीव्र आम्लात तांबडे, सौम्य आम्लात गुलाबी, उदासीन पाण्यात जांभळे, सौम्य अल्कलीत निळे-हिरवे आणि तीव्र अल्कलीत पिवळे दिसते. एकाच दर्शकाने अशा निरनिराळ्या पायऱ्या दाखविल्यामुळे सामूचा स्थूल अंदाज बांधता येतो.

येथे एक शिस्त पाळणे अगत्याचे आहे. पांढऱ्या बशांची ओळ मांडावी. पहिल्या बशीत लिंबाचा रस, दुसरीत व्हिनेगर, तिसरीत ऊर्ध्वपातित पाणी, चौथीत खाण्याचा सोडा, पाचवीत धुण्याचा सोडा आणि सहावीत चुन्याची निवळी घ्यावी. प्रत्येकीत कोबीच्या पाण्याचे सारखेच थेंब टाकावेत. ही झाली तुलनेची रांग. अज्ञात पदार्थाचा रंग या रांगेशी ताडून मगच मत बनवावे. तुलनेच्या नमुन्यावाचून रंग वाचणे म्हणजे वजनांवाचून तराजू वापरणे होय. पाकळ्यांचे व कोबीचे पाणी एक-दोन दिवसांत नासते. म्हणून ते ताजे करावे. चहा किंवा जांभळाचा रस यांसारख्या मुळात रंगीत द्रवांची परीक्षा त्यांत पुरेसे पाणी मिसळून करावी. अन्यथा नमुन्याचा रंग कोणता आणि दर्शकाचा कोणता, हे कळणार नाही.

ज्या विद्यार्थ्यांना दृष्टी नाही, त्यांनाही ही परीक्षा करता येते. बारीक चिरलेल्या कांद्यासोबत एका बंद डब्यात कापडाच्या पट्ट्या रात्रभर ठेवल्या की त्यांना कांद्याचा वास लागतो. अशी पट्टी सौम्य आम्लात बुडवून धुतली तर वास टिकून राहतो. अल्कलीच्या द्रावणात बुडवून धुतल्यास तो नाहीसा होतो. दर्शक डोळ्यांसाठीच असतो असे नाही, हे वर्गातील सर्वच मुलांना यातून उमजते.

तीव्रता निराळी, प्रमाण निराळे

सामू आम्लतेची तीव्रता सांगतो. द्रवात एकंदर आम्ल किती आहे, हे तो सांगत नाही. हा भेद शिकविण्याची सर्वांत सोपी रीत थेंब मोजण्याची आहे. दोन पेल्यांत सारखेच पाणी आणि थोडे हळदीचे पाणी घ्यावे. एकात लिंबाच्या रसाचे दोन थेंब व दुसऱ्यात गाळलेल्या ताकाच्या निवळीचे दोन थेंब टाकावेत. आता ड्रॉपरने चुन्याची निवळी थेंब थेंब सोडावी व पेला हलवीत राहावे. तांबडा रंग उमटतो आणि नाहीसा होतो. ज्या थेंबानंतर तो टिकून राहतो, तो शेवटचा थेंब. ताकाला थोडक्या थेंबांत हा टप्पा येतो. लिंबाला त्याच्या कितीतरी पट थेंब लागतात. आम्लाचे उदासिनीकरण करण्यास किती अल्कली लागली, यावरून मूळ आम्लाचे प्रमाण कळते. प्रयोगशाळेत ब्युरेट वापरून हेच अचूकपणे करतात व त्यास अनुमापन म्हणतात. ज्या हळदीला आम्ल ओळखता येत नव्हते, तीच येथे आम्ल मोजण्याच्या कामी आली, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. प्रश्न बदलला की साक्षीदाराचे मोल बदलते.

दुधाची परीक्षा

या भेदाला उपनगरांच्या जीवनात प्रत्यक्ष महत्त्व आहे आणि ते दुधाच्या इतिहासात दिसून येते. मुंबई शहरातील म्हशींचे तबेले हलवून गोरेगाव येथे १९४९ मध्ये आरे दुग्धवसाहत उभारण्यात आली. दूध आयुक्त दारा खुरोदी हे तिचे प्रवर्तक. त्याच सुमारास, १९४८ पासून, खेडा जिल्ह्यातील सहकारी संघाने आणंदहून मुंबईकडे दूध पाठविण्यास प्रारंभ केला. त्रिभुवनदास पटेल, व्हर्गीस कुरियन आणि खुरोदी या तिघांना १९६३ मध्ये मॅगसेसे पुरस्काराने गौरविण्यात आले. गोठ्यातून निघालेले दूध लांबचा प्रवास करून, उन्हाळ्याच्या दिवसांतही न नासता, घरोघर पोहोचावे, हा या साऱ्या खटाटोपाचा गाभा होता. दूध स्वीकारावे की नाकारावे, हा निर्णय कोणत्याही दुग्धशाळेच्या दारात काही मिनिटांत घ्यावा लागतो आणि तो मुख्यत्वे आम्लतेच्या परीक्षेवर अवलंबून असतो.

दूध ठेवले असता त्यातील जिवाणू दुग्धशर्करेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात. परंतु दुधातील प्रथिने व फॉस्फेटचे क्षार हे वाढते आम्ल काही काळ पचवून टाकतात. त्यामुळे आंबण्याच्या पहिल्या टप्प्यात सामू फारसा हलत नाही आणि लिटमस कागद काहीच वेगळे दाखवीत नाही. अनुमापन मात्र ही वाढ पकडते. दुग्धशाळेत १० मिलिलिटर दुधात थोडे पाणी व फिनॉल्फथॅलिन या दर्शकाचे थेंब टाकून, फिकट गुलाबी छटा टिकेपर्यंत सोडियम हायड्रॉक्साइडचे एक-दशांश नॉर्मल द्रावण मिसळतात. अशा द्रावणाचा प्रत्येक मिलिलिटर ०.००९ ग्रॅम लॅक्टिक आम्लाशी समतुल्य असतो. समजा, १.६ मिलिलिटर द्रावण लागले, तर आम्लता सुमारे ०.१४ टक्के ठरते. ताज्या दुधाची आम्लता साधारणतः ०.१३ ते ०.१७ टक्क्यांच्या दरम्यान असते. ती ०.२ टक्क्यांच्या पुढे जाऊ लागली की दूध तापविताना नासण्याची धास्ती असते.

याहून सोपी परीक्षा प्रत्येक गृहिणी जाणते. परीक्षानळीत किंवा लहानशा भांड्यात थोडे दूध उकळून पाहावे. गुठळ्या झाल्या तर आम्लता वाढली आहे. मात्र ही परीक्षा उशिरा बोलते. दूध जवळजवळ हातचे गेल्यावरच ती इशारा देते.

आता फसवणुकीचा भाग. आंबू लागलेल्या दुधात खाण्याचा किंवा धुण्याचा सोडा मिसळला की वाढलेले आम्ल मारले जाते. सामू पुन्हा ताज्या दुधासारखा दिसतो, अनुमापनाचा आकडाही खाली येतो आणि दूध उकळले तरी नासत नाही. आम्लतेच्या सर्व परीक्षा ते दूध उत्तीर्ण होते. जिवाणूंची झालेली वाढ मात्र जशीच्या तशी राहते. येथे निराळाच प्रश्न विचारावा लागतो : "या दुधात सोडा आहे काय?" त्यासाठी ५ मिलिलिटर दुधात तेवढेच अल्कोहोल मिसळून रोझॉलिक आम्लाच्या अल्कोहोलमधील एक टक्का द्रावणाचे काही थेंब टाकतात. शुद्ध दुधात तपकिरी छटा येते. सोडा असल्यास गुलाबी-तांबडा रंग उमटतो.

हळदपुडीची गोष्टही अशीच आहे. हळदीत मेटॅनिल यलो हा खाद्यपदार्थांत मनाई असलेला पिवळा रंग मिसळण्याचे प्रकार होतात. हा रंग स्वतःच तीव्र आम्लाचा दर्शक आहे. हळदीच्या पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकले असता तो गुलाबी-जांभळा होतो. परंतु संहत आम्लात शुद्ध हळदही किंचित तशी छटा दाखवू शकते. म्हणून पाणी घालून पाहावयाचे असते. शुद्ध हळदीची छटा पाण्याने नाहीशी होते. मेटॅनिल यलोची टिकून राहते. ही शेवटची पायरी गाळली, तर निर्दोष दुकानदारावर आळ येऊ शकतो.

घरी केलेली परीक्षा संशयाला आधार देते. ती न्यायनिवाडा करीत नाही. संशय आल्यास नमुना योग्य ठिकाणी गेला पाहिजे. राज्यात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ यातील कलम ४० नुसार, विकत घेतलेल्या अन्नपदार्थाचे पृथक्करण शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून करून घेण्याचा अधिकार खुद्द ग्राहकालाही आहे. या तरतुदीची माहिती शाळांमधून घराघरांत पोहोचावयास हवी.

नळाचे पाणी

मुंबईच्या पाणीपुरवठ्याशी उपनगरांचे नाते जुने आहे. विहार तलाव १८६० मध्ये, तुळशी १८७९ मध्ये व पवई १८९१ मध्ये पूर्ण झाला. पुढे तानसा व वैतरणा या दूरच्या जलाशयांचे पाणी आले. भांडुप येथील जलशुद्धीकरण संकुल आज शहराच्या पुरवठ्याचा एक प्रमुख आधार आहे. तेथील कामात सामूला मध्यवर्ती स्थान आहे. गढूळ पाण्यातील सूक्ष्म कण तळाशी बसविण्यासाठी अशा केंद्रांतून तुरटीसारखे ॲल्युमिनियमचे क्षार वापरतात. ते पाण्याची अल्कता खर्च करतात व सामू खाली आणतात. सामू योग्य पट्ट्यात नसेल, तर कणांचे पुंजके नीट बांधले जात नाहीत.

त्यानंतर क्लोरीनचे काम. पाण्यात मिसळलेल्या क्लोरीनपासून हायपोक्लोरस आम्ल तयार होते आणि जंतूंचा नाश प्रामुख्याने तेच करते. सामू ६.५ असताना क्लोरीनचा सुमारे नऊ-दशांश भाग या प्रभावी रूपात असतो, ७.५ च्या आसपास निम्मा, आणि ८.५ ला केवळ एक-दशांशाच्या जवळपास. क्लोरीन तेवढाच घातला तरी त्याचे बळ सामूप्रमाणे कमी-अधिक होते. भारतीय मानकाने पिण्याच्या पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ असावा असे ठरविले आहे.

तथापि, सामू या मर्यादेत आहे म्हणून पाणी निर्जंतुक आहे, असा निष्कर्ष कदापि काढू नये. पावसाळ्यात गृहनिर्माण संस्थेच्या टाकीत गटाराचे पाणी झिरपले, तरी सामू सातच्या आसपास राहू शकतो. तेथे शिल्लक क्लोरीनची व जंतूंची परीक्षा निराळी करावी लागते. दर्शककागदाचा रंग पाहून निर्धास्त राहणे हे परीक्षा न करण्यापेक्षाही धोक्याचे ठरेल.

अलीकडे 'अल्कधर्मी पाणी' देणारी यंत्रे विकली जातात. विक्रेता दोन पेल्यांत दर्शकाचे थेंब टाकतो. साध्या पाण्याचा रंग एक व यंत्राच्या पाण्याचा दुसरा येतो. पाहणारे चकित होतात. रंगाने दिलेली साक्ष खरीच असते : ते पाणी अल्कधर्मी आहे. पण ते आरोग्याला अधिक हितकर आहे, हे त्या रंगाने कोठे सांगितले? जठरातील रसाचा सामू दीड-दोनच्या आसपास असतो. त्यात ती अल्कता विरून जाते. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राखण्याचे काम फुप्फुसे व मूत्रपिंडे अहोरात्र करीत असतात. खाण्याच्या सोड्याची चिमूट टाकूनही दर्शकाचा तोच रंग दाखविता येतो, हा प्रयोग शिक्षकांनी वर्गात अवश्य करावा.

पावसाच्या पाण्याबाबतही असाच गैरसमज होतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळल्याने स्वच्छ पावसाचाही सामू ५.६ च्या आसपास येऊ शकतो. तेव्हा दर्शक किंचित गुलाबी झाला, एवढ्यावरून आम्लवर्षा झाली असे म्हणता येत नाही.

कारखाने आणि मिठी नदी

विहार व पवई तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन मिठी नदी साकीनाका, कुर्ला या दाट वस्तीच्या भागांतून माहीमच्या खाडीस मिळते. अंधेरी ते घाटकोपर या पट्ट्यात धातूंना मुलामा देणारे छोटे उद्योग चालत आले आहेत. या धंद्यात वस्तू आम्लात धुतात व धातूंच्या क्षारांच्या टाक्यांत बुडवितात. सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांनुसार बाहेर सोडावयाच्या पाण्याचा सामू ५.५ ते ९ या मर्यादेत असावा लागतो. आम्लधर्मी सांडपाण्यात चुना मिसळून ही अट पुरी करता येते.

परंतु येथेही सामू सर्व काही सांगत नाही. क्रोमियमचे सहा संयुजेचे, अत्यंत विषारी रूप केवळ चुना घातल्याने खाली बसत नाही. आधी सामू २ ते ३ वर आणून त्याचे तीन संयुजेच्या रूपात रूपांतर करावे लागते. नंतर सामू ८ ते ९ पर्यंत चढविला की ते गाळाच्या रूपाने वेगळे होते. सायनाइड असलेल्या सांडपाण्याची रीत याच्या अगदी उलट. त्याचे विघटन १० च्या वरच्या सामूवर करतात. त्यात चुकून आम्ल मिसळले, तर प्राणघातक हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. म्हणून ही दोन सांडपाणी वेगवेगळ्या टाक्यांत ठेवणे हा कामगारांच्या जीविताचा प्रश्न आहे. नाल्यातील पाण्याचा सामू ७ आला, तरी त्यात क्रोमियम नाही असे सिद्ध होत नाही. मात्र तो ३ किंवा १२ आला, तर काही तरी बिघडले आहे हे निश्चित. आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करताना तारीख, वेळ व ठिकाण यांसह केलेली अशी नोंद मोलाची ठरते. राज्यात हे मंडळ १९७० पासून कार्य करीत आहे.

दक्षता

परीक्षा करताना काही नियम कसोशीने पाळले पाहिजेत. अज्ञात पदार्थ कधीही जिभेवर ठेवू नये. आम्ल आंबट असते हे ज्ञान पुस्तकातच राहू द्यावे. संहत आम्लात पाणी ओतू नये. पाण्यात आम्ल थोडे थोडे सोडावे. संहत आम्लाचे प्रयोग शिक्षकांनीच करून दाखवावेत. नाल्याचे पाणी विद्यार्थ्यांनी स्वतः काढू नये; ते मोठ्या माणसाने हातमोजे घालून आणावे.

घरातील एक धोका तर प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असावा. संडास धुण्याचे आम्ल आणि ब्लीचिंग पावडर किंवा तत्सम विरंजक द्रव एकत्र केले की विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. एक बाटली आम्लाची व दुसरी अल्कलीची, हे जांभळ्या कोबीच्या पाण्याने मुलांनी एकदा डोळ्यांनी पाहिले, की दोन्ही एकत्र करू नयेत ही सूचना त्यांना वेगळी पाठ करावी लागणार नाही. या बाटल्यांतील द्रवाचा एखादाच थेंब, वेगवेगळ्या बशीत, भरपूर पाण्यात मिसळून शिक्षकांनी दाखवावा.

शाळेची नोंदवही

विज्ञानशिक्षणाच्या बाबतीत मुंबईची उपनगरे सुदैवी आहेत. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेचे विज्ञान भवन चुनाभट्टी येथे आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ मध्ये सुरू झाले व ते मानखुर्दला आहे. २००१ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र ऑलिंपियाडची धुरा या केंद्राने वाहिली. पवईला भारतीय तंत्रज्ञान संस्था आहे. परंतु बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या एखाद्या शाळेतील आठवीच्या वर्गाला आरंभ करण्यासाठी यांपैकी कोणाचीही वाट पाहावी लागत नाही. सहा बशा, एक कोबी, थोडी हळद, चुन्याची निवळी आणि एक नोंदवही एवढे साहित्य पुरेसे आहे.

त्या नोंदवहीत तारीख, नमुन्याचे ठिकाण, वापरलेला दर्शक, तुलनेचा नमुना, दिसलेला रंग व काढलेला निष्कर्ष असे रकाने असावेत. त्यांपुढे आणखी एक रकाना जोडावा : "या परीक्षेने काय कळले नाही?" दुधापुढे तेथे लिहावे, "सोडा आहे की नाही". नळाच्या पाण्यापुढे लिहावे, "जंतू". नाल्याच्या पाण्यापुढे लिहावे, "विषारी धातू". हा रकाना भरताना प्रारंभी विद्यार्थी अडखळतील आणि तेथेच त्यांना शिक्षकांच्या मार्गदर्शनाची खरी आवश्यकता भासेल. पहिल्या रकान्यांतून रसायनशास्त्र शिकता येते. शेवटचा रकाना प्रामाणिकपणे भरण्याची सवय जडली, तर जाहिरातीतील दावा, बाजारातील वस्तू आणि स्वतःचा निष्कर्ष हे तिन्ही सारख्याच कठोरपणे तपासणारा नागरिक त्या वर्गातून बाहेर पडेल.